पाण्यातली जुळणी

"मिस्त्री, हात काढा तिथनं. गुदगुल्या होत्यात तिला," कोंडिबामामा स्टिअरिंगच्या चाकामागून म्हणाले, आणि लाँचमधल्या बायका फिदीफिदी हसल्या.

मी इंजिनाच्या झाकणावरचा हात काढला नाही. बाहेर धुकं इतकं दाट होतं की लाँचचं पुढचं टोकही दिसत नव्हतं. चालतोय की जागच्या जागी गुरगुरतोय हेच कळत नव्हतं. अशा वेळी माझा डोळ्यांपेक्षा तळव्यावर जास्त भरवसा. इंजिनातून एक लोखंडी दांडा बाहेर येतो, पाण्यातल्या पंख्याकडे दुसरा जातो, आणि दोघांच्या टोकांना दोन जाड गोल तबकड्या तोंडाला तोंड लावून सहा बोल्टांनी आवळलेल्या असतात. ह्यालाच कपलिंग म्हणायचं. इंजिनाचं फिरणं पंख्यापर्यंत पोचतं ते ह्या सहा बोल्टांच्या जिवावर. तबकड्या केसभर जरी तिरक्या बसल्या तरी बोल्ट प्रत्येक फेऱ्याला इवलासा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि एक दिवस कंटाळून तुटतो.

वाघजाई लाँचचे बोल्ट दोन महिन्यांत तीनदा तुटले होते. नवं इंजिन बसवलं मी, आणि तिन्ही वेळा कपलिंगची जुळणी करून दिली तीही मीच.

ही एकोणीसशे त्र्याऐंशीच्या पौषातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि साताऱ्यात बापटांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. नुसता फिटर म्हटलेलं मला तेव्हा चालत नसे. "प्रल्हाद लोहाराच्या बोटांना डोळे आहेत," असं बापट एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, आणि ते वाक्य मी वर्षभर खिशात घालून फिरत होतो. नव्या वर्षात फोरमनची जागा भरायची होती. ती माझीच, असं वर्कशॉपातला चहावालासुद्धा म्हणायचा.

वाघजाई ही लाकडी लाँच कोयनेच्या धरणाच्या फुगवट्यावर चालायची. पलीकडच्या डोंगरातल्या पाच-सहा वाड्यांना अलीकडच्या बाजाराला, दवाखान्याला, एसटीला यायचं तर हीच एक वाट. मालक भाऊसाहेब आणि चालक कोंडिबा उतेकर. एकोणीस वर्षं तेच चालवत होते. लाँच बिघडली की तिला ओंडक्यांवरून ओढून काठावर घ्यायची, खाली ठोकळे लावायचे, आणि मी आत उतरून दोन-दोन दिवस जुळणी करायची. दोन तबकड्यांमधल्या फटीत मोजपट्टी घालून बघायची. कागदाहून पातळ अशा पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, त्यातली सगळ्यांत बारीक पट्टीही वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेच शिरत नव्हती. एवढी देखणी जुळणी मी स्वतःसुद्धा कधी केली नव्हती.

तरी बोल्ट तुटले. तिसऱ्यांदा तुटले तेव्हा भाऊसाहेबांनी बापटांना फोन करून चार शब्द सुनावले आणि बापटांनी ते माझ्यापर्यंत पोचवले. मी जुळणी पुन्हा केली, आणि सोबत एक कागद लिहून दिला. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत. 'जुळणीत दोष नाही. चालक भर पाण्यात विनाकारण इंजिन न्यूट्रल करतो व लगेच गिअर टाकतो. त्या हिसक्याने बोल्ट तुटतात.' खाली सही, तारीख.

ते खोटं नव्हतं. कोंडिबामामा खरंच तसं करायचे. फुगवट्याच्या मध्यावर त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलेलं होतं. तिथे आले की ते इंजिन न्यूट्रलला टाकायचे. पंखा थांबायचा, लाँच नुसतीच सरकत राहायची. बायका कपाळाला हात लावून चिमूटभर कुंकू पाण्यात सोडायच्या. पुरुष टोप्या काढायचे. मग मामा गिअर टाकायचे आणि लाँच पुढे निघायची. धरण भरल्यापासूनची ही रीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. कागद लिहिताना मात्र मी त्याला 'विनाकारण' म्हटलं.

भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि नवा चालक ठरवला. पण एकोणीस वर्षांचा माणूस काढायचा तर जरा रीतसर काढावा, म्हणून मला निरोप आला, "एक खेप स्वतः बसून बघा. अलीकडं आलात की धक्क्यावर मला तोंडानं सांगा, चूक ड्रायव्हरची. की विषय संपला."

म्हणून मी त्या मंगळवारी सकाळी पलीकडून बाजाराला निघालेल्या लाँचमध्ये बसलो होतो. आणि मी कशासाठी बसलोय हे कोंडिबामामांना पक्कं ठाऊक होतं. तरी निघताना त्यांनी त्यांच्याच डब्याच्या झाकणात मला चहा दिला होता. गुळाचा, आलं घातलेला.

"काय म्हणतोय तुमचा हात?" मामांनी विचारलं.

"थरथर आहे थोडी."

"थोडी?" त्यांनी आपल्या अनवाणी पावलांकडे पाहिलं. "माझ्या टाचंला इचारा. चवथ्या डावाला बी तशीच हाय. मी तुमाला काठावर म्हनलोवतो, मिस्त्री, ती पान्यात येगळी बसती."

हो, म्हणाले होते. मी लाँचच्या पोटात आडवा पडून मोजपट्टी फिरवत होतो तेव्हा वरून डोकावून म्हणाले होते. जुने मिस्त्री लाँच पाण्यात ठेवूनच कपलिंग जुळवायचे, असंही सांगितलं होतं. मला वाटलं, मामांनाच लाँच वर ओढायचा आळस असेल. "मामा, लोखंड ते लोखंड. ते पाण्यात गेलं म्हणून वाकत नाही," मी म्हणालो होतो, आणि माझ्या हजरजबाबीपणावर मीच खूश झालो होतो.

लाँचमध्ये एकोणीस माणसं होती. पुढच्या बाकावर हौसामावशी, साठीच्या पुढच्या, मांडीवर नाचणीचं गाठोडं. त्यांच्या शेजारी सहा महिन्यांचं मूल घेतलेली त्यांची सून. उजव्या बाजूला शाळेचे देशमाने गुरुजी. मागे दोघे भाऊ मधाचे डबे घेऊन, आणि एका जाड्या गृहस्थाची पांढरी शेळी, जी बाजारात विकली जाणार होती आणि ज्याची तिला काही कल्पना नव्हती. सगळे शालीत, कांबळ्यात गुरफटलेले. धुकं आत येऊन त्यांच्या केसांवर बसत होतं. कुणी फारसं बोलत नव्हतं. मलाही पेंग यायला लागली होती.

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. मग दुसरा. इंजिन एकदम मोकाट सुटल्यासारखं ओरडलं आणि मामांनी ते झटक्यात बंद केलं.

शांतता झाली. इतकी की पाण्याचे थेंब कठड्यावरून टपकताना ऐकू येत होते.

"तुटलं?" गुरुजींनी विचारलं.

"तुटलं," मी म्हणालो.

कोंडिबामामा चाकावरचे हात न काढता उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या धुक्याकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज तर मी अजून न्यूट्रल केलंच न्हवतं, मिस्त्री."

निघाल्यापासून लाँच एका चालीने चालली होती. ना हिसका, ना गिअर. मी स्वतः इंजिनापाशी बसलो होतो, तळवा ठेवून. माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कुणी नव्हता.

"आता कसं हो?" हौसामावशींच्या सुनेने विचारलं.

"वारं न्हाई," मामा म्हणाले. "कुटं जातीया ती? बसा निवांत. मिस्त्री हायत की आपल्यासंगं."

ते टोचून बोलले नव्हते. त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

मी फळ्या उचलल्या आणि खाली उतरलो. पिशवीत जादा बोल्ट होते. ते सोबत घेतले होते ह्याचाच अर्थ माझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकत होती. तुटलेले तुकडे काढले, उरलेले बोल्ट सोडले, आणि दोन्ही तबकड्या सुट्या केल्या. मग नुसत्या एकमेकींजवळ आणल्या आणि मोजपट्टी घेतली. खाली घातली. शिरली नाही. वर घातली.

सर्रकन आत गेली. दुसरी जोडून घातली, तीही गेली. तिसरी घातली. चौथीला कुठे अडली.

काठावर जिथे कागद शिरत नव्हता, तिथे आता वरच्या बाजूला नख जाईल एवढी फट होती. चार दिवसांपूर्वी ह्याच हातांनी, ह्याच पट्टीने मोजलं होतं. मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. मग हाक मारली, "मधवाले दादा, तुम्ही दोघं जरा पुढच्या बाकावर जाता का?"

ते दोघे डबे घेऊन पुढे गेले. लाँच किंचित लवली. मी पट्टी पुन्हा घातली. फट कमी झाली होती. "आता परत मागे या." ते कुरकुरत मागे आले. फट वाढली.

लाकूड आहे ते. काठावर ठोकळ्यांवर ठेवलं की एक आकार घेतं; पाण्यात सोडलं, माणसं भरली की दुसरा. मधे थोडं उचलतं, टोकांना बसतं. लोखंड वाकलं नव्हतं. लोखंड ज्याच्यावर उभं होतं ते वाकलं होतं. मी तीनदा, चारदा, अत्यंत सुंदर जुळणी केली होती, ती एका रिकाम्या, कोरड्या लाँचची.

मी वर तोंड काढलं. कोंडिबामामा माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले होते.

"इथेच करून टाकतो," मी म्हणालो. "पण सगळ्यांची मदत लागेल."

"काय करायचं?" गुरुजी उत्साहाने उठले.

"बसायचं, गुरुजी."

"म्हंजी?"

"आपापल्या जागेवर, रोज बसता तसं. आणि मी सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही. एक जण जरी इकडचा तिकडे झाला तरी माझं माप चुकेल."

हौसामावशींनी मान वळवून मला नीट न्याहाळलं. "किती येळ?"

"तास-दीड तास."

"आनि खोकला आला तर?"

"खोका. पण उठू नका."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं मांडीवर सरळ करून बसल्या. "मिस्त्री म्हनंस्तवर कुनी हलायचं न्हाई. ऐकलं का गं?"

मग मी जे पाहिलं ते माझ्या आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. एकोणीस माणसं फोटोला बसल्यासारखी गप्प बसली. पांढरं धुकं, पांढरं पाणी, आणि मधे ती लाकडी लाँच अधांतरी. शेळीला मालकाने पायांत धरून ठेवलं होतं. बाळ रडलं तेव्हा त्याच्या आईने त्याला आहे तिथेच पदराखाली घेतलं.

इंजिनाचे पुढचे पाय जरा उचलायचे आणि त्यांच्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सारायच्या, म्हणजे तबकडी सरळ होते. पहार होती. पत्रा नव्हता. काठावर वापरलेला सगळा तिथेच राहिला होता.

"कुणाकडे पत्र्याचा डबा आहे का? पातळ. रिकामा?"

मधाचे डबे जाड निघाले. गुरुजींची खडूची पेटी पुठ्ठ्याची. मग हौसामावशींनी कमरेची मिश्रीची डबी काढली, आतली काळी मिश्री पदराच्या टोकात ओतून गाठ मारली आणि डबी हातोहात माझ्याकडे आली. आपापल्या जागेवरून, कुणीही न उठता. "पंचमीला जत्रंत घेतलीवती," त्या म्हणाल्या. "काप."

मी ती कात्रीने कापली. मामा पहारीवर भार द्यायचे, मी चकती सारायचो, मोजायचो, काढायचो, दुसरी सारायचो. मधेच ते पहार धरून स्थिर उभे राहायचे, आणि मला त्यांची पावलं दिसायची, फळीवर बोटं पसरून टेकलेली.

"कुटं आलो असू आपन?" मागून कुणीतरी विचारलं. आवाज कुजबुजल्यासारखा होता.

"खळ्यावर," मामा म्हणाले.

"कशावरून?" गुरुजी म्हणाले. "मला तर माझा हात दिसत नाही."

"पानी गप हाय हितं. खळ्याला तिनी बाजूंनी बांध हाय. हितं पानी हलत न्हाई."

कुणी हसलं नाही. हौसामावशी म्हणाल्या, "मग माझं घर डाव्या अंगाला."

"व्हय. दोन घरं सोडून."

"माझं जातं हाय तितं," त्या म्हणाल्या. "समदं उचललं बगा. तुळया काडल्या, कौलं उतरवली. जातं काय उचलंना. खालची तळी भुईत रुतलीवती. ह्यांनी म्हनलं, ऱ्हाऊ दे, दुसरं घिऊ. दुसरं घेतलं. पर त्येला त्या जात्याचा आवाज न्हाई."

मग एकेक जण बोलू लागला, समोर बघत, न हलता. कुणाची विहीर कुठे, कुणाचा फणस कुठे, देवळाच्या पायऱ्या किती. एक म्हणायचा सात, दुसरा म्हणायचा नऊ. नव्या सुनेने हे गाव पाहिलंही नव्हतं, पण तीही वाकून पाण्याकडे बघू लागली तेव्हा मी ओरडलो, "वहिनी, हलू नका!" ती दचकून सरळ झाली आणि सगळे हसले, तेही अंग न हलवता.

मी खाली वाकलेला होतो, माझ्या आणि पाण्याच्या मधे दोन बोटं जाडीची फळी होती. हातातल्या पट्टीकडे बघताबघता मला वाटायला लागलं की मी कुणाच्या तरी अंगणात बसलोय, ही माणसं भोवती ओसरीवर बसली आहेत, आणि मी त्यांचं काहीतरी दुरुस्त करून देतोय. घाई कसलीच नाही. धक्का नाही, भाऊसाहेब नाहीत, मी लिहिलेला कागद नाही. ते संपू नये असं मला अगदी मनापासून वाटलं. संपलं की धक्क्याला लागायचं होतं.

शेवटची चकती बसली. पट्टी वर घातली, शिरली नाही. खाली, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही दांडे हाताने पाव-पाव फेरा फिरवून पुन्हा घातली. नाही शिरली. सहा बोल्ट आवळले. वेळ पाहिली तर पावणेदहा वाजले होते.

"मामा, लावा."

इंजिन सुरू झालं. मामांनी गिअर टाकला आणि लाँच निघाली. आवाज तोच होता, पण त्याच्याखालचा खरखरता सूर नाहीसा झाला होता. मी तळवा ठेवला. नुसती ऊब लागली. मामा टाच उचलायचे, टेकवायचे, पुन्हा उचलायचे. शेळीने मालकाच्या पायांत मान टाकली आणि झोपून गेली.

धुकं विरळ होत होतं. दहा हातांवर पाण्यातून एका वठलेल्या सागाचा शेंडा वर आलेला दिसला. गुरुजींनी तोंडावर हात ठेवला. तो साग खळ्याच्या बांधावरचा होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

कोंडिबामामांचा हात गिअरच्या दांडीवर गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते तिथे कुणाची तरी परवानगी मागत होते, आणि ती माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विचारता काय, मामा," मी म्हणालो. "करा."

पंखा थांबला. लाँच सरकत राहिली. बायकांनी बसल्या जागेवरूनच कुंकू सोडलं. मग मामांनी गिअर टाकला, मुद्दाम जरा जोरातच टाकला असावा. कपलिंगने हूं की चूं केलं नाही.

धक्क्यावर भाऊसाहेब उभे होते. पांढरं धोतर, कोट, हातात घड्याळ. शेजारी गॉगल लावलेला एक तरुण. तोच नवा चालक. दीड तासाहून जास्त उशीर झाला होता. लाँच टेकायच्या आतच भाऊसाहेबांनी सुरुवात केली.

"परत तुटलं ना? मला माहीतच होतं. कोंडिबा, उतर खाली. चावी ह्याच्याकडं दे. मिस्त्री, झालं तुमचं समाधान?"

"आता जुळवलंय, भाऊसाहेब," मी म्हणालो. "आता नाही तुटणार."

"ते राहू द्या. चूक कुणाची ते सांगा. कागदावर लिहिलंय तेच ना?"

मी तोंड उघडलं. मला बापट दिसले, फोरमनची खोली दिसली, तिच्या दारावरची पाटी दिसली. चार वेळा चुकीची जुळणी करणारा फिटर, आणि वर दुसऱ्याच्या नावावर ती खपवणारा. हे साताऱ्यात कळलं की संपलं. "आपण... नंतर बोलू," मी म्हणालो.

"नंतर कशाला? बरं. कोंडिबा, चल."

मामांनी चहाचा डबा घेतला, कांबळं खांद्यावर टाकलं, चावी काढून हातात धरली आणि फळीवरून धक्क्यावर उतरले. अनवाणी पायांनी ते जमिनीवर जरा अवघडल्यासारखे उभे राहिले.

"हं, उतरा आता सगळे," भाऊसाहेब म्हणाले. "बाजार उठेल तिकडं."

कुणी उठलं नाही.

मला आधी वाटलं, पाय अवघडले असतील. पण ती माणसं होती तशीच बसली होती, समोर बघत. मधवाले भाऊ डबे धरून. गुरुजी हात गुडघ्यांवर ठेवून. जाडा गृहस्थ शेळीला पायांत धरून.

"अहो, उतरा की! काय झालं?"

"मिस्त्रीनं सांगितलंय," हौसामावशी म्हणाल्या. "त्यो म्हनंस्तवर हलायचं न्हाई."

"कशासाठी?"

"आमी हललो की माप चुकतंय त्येचं." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूसही नव्हता. "झालं का रं लेकरा तुजं काम?"

त्यांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे मी इतक्या वर्षांतही सांगू शकत नाही. त्या दीड तासात मी त्यांच्यापैकी कुणालाही चूक कुणाची ते सांगितलं नव्हतं. पण एकोणीस जोड डोळे माझ्यावर होते, आणि ते थांबले होते. खोळंबून नाही, अगदी निवांत. दिवस मावळेपर्यंत थांबले असते.

"नाही झालं, मावशी," मी म्हणालो. "थोडं राहिलंय."

मी भाऊसाहेबांकडे वळलो. "चूक माझी आहे. मी लाँच काठावर ठेवून जुळणी केली. ती पाण्यात ठेवून, माणसं बसवून करायची असते. मामांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आज बोल्ट तुटले तेव्हा त्यांनी न्यूट्रल केलंच नव्हतं, मी स्वतः इंजिनाजवळ होतो. चारही वेळा बोल्ट माझ्यामुळे तुटले. कागदात मी लिहिलं ते माझी चूक झाकायला लिहिलं."

शेवटचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. कागद लिहिताना मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कळलं, की ते खरं आहे.

भाऊसाहेबांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. मग त्यांनी कोटाच्या खिशातून तोच कागद काढला. "ह्याच्या पाठीवर लिहून द्या. सहीनिशी. मी बापटांना पाठवणार."

"पाठवा."

गुरुजींनी न उठता आपलं पेन पुढे केलं. मी इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं. झाकण अजून गरम होतं. फोरमनची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली, आणि त्याबद्दल मी बापटांना कधी दोष दिला नाही.

भाऊसाहेबांनी वाचलं, घडी घातली. नव्या चालकाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मग कोंडिबामामांना म्हणाले, "चावी राहू दे तुझ्याकडंच. दुपारची खेप वेळेवर सोड."

मामांनी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

हौसामावशींनी गाठोड्याला हात घातला. "मग, मिस्त्री? उठू का आता?"

"थांबा," मी म्हणालो. "आधी मामांना आत येऊ द्या."

कोंडिबामामा फळीवरून आत आले. डबा जागेवर ठेवला, कांबळं खुंटीला अडकवलं आणि चाकामागे जाऊन उभे राहिले.

"आता उठा, मावशी," मी म्हणालो.